पाडव्याचा खाडा

पहिला पगार किती होता, हे आपल्याकडं कौतुकानं विचारतात. त्यातनं आईला लुगडं घेतलं का, देवापुढं पेढे ठेवले का, हेही विचारतात. पण कामावर न जाता हातात पडलेला पहिला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कोणता, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मला तो रोज पहिल्या पगारापेक्षा जास्त लख्ख आठवतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. आरोग्य सेविका म्हणून सांगली जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरताना जी गोष्ट मला रोज छळते, ती मला पहिल्यांदा त्या उन्हाळ्यात कळली.

मी तासगाव तालुक्यातली. आमच्याकडं घरातली बाई रोजगाराला जाते म्हणजे दुसऱ्याच्या रानात किंवा शेडवर दिवसाच्या मजुरीनं जाते. आई जायची, आजी जायची. आईचा पहिला पगार 1972 च्या दुष्काळातला. लग्नाआधीची गोष्ट, खडी फोडायचं काम. त्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की ती मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं आणि सुकडीचं बोलते, आणि मग न चुकता सांगते की हप्ता माप घेऊनच मिळायचा. जेवढी खडी, तेवढे पैसे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्याच तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती होते. पुढं 1977 साली त्या योजनेचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, हा हक्क कायद्यात आला, आणि त्याचं मूळ आमच्या तालुक्यातल्या माणसाच्या डोक्यात होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. कामाचा हक्क तेव्हा मिळाला. विसाव्याचा कुठं अडकला, हे मी नोकरीला लागल्यापासून शोधते आहे.

1994 च्या मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा संपली. शेवटचा पेपर झाला आणि दोन दिवसांनी आईबरोबर मी बेदाण्याच्या शेडवर गेले. बायकांना 20 रुपये रोज होता, गड्यांना 35, आणि माझ्यासारख्या नव्या पोरींना 15.

ज्यांनी बेदाण्याचं शेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेड असतं माळावर, जिथं वारं मोकळं खेळतं अशा जागी. वर छत, आत खालपासून वरपर्यंत जाळीचे एकावर एक कप्पे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल पाण्यात कालवतात, लिटरमागं साधारण 25 ग्रॅम आणि 15 मिलीच्या हिशेबानं. त्यात द्राक्षाचे घड बुडवून काढायचे आणि जाळीवर पातळ पसरायचे. त्या पाण्यानं द्राक्षाच्या सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो, म्हणून आतलं पाणी लवकर उडून जातं. नाहीतर महिना लागेल. पुढं दोन-तीन दिवस वरून त्याच पाण्याची फवारणी. ऊन थेट लागू द्यायचं नाही, सावलीतच वाळवायचं, तरच हिरवा रंग टिकतो. पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. दोन-अडीच आठवड्यांत माल वाळला की जाळ्या झाडायच्या आणि मग आमचं काम सुरू.

आमचं काम म्हणजे निवडणं. ताडपत्रीवर समोरासमोर दोन ओळी करून बसायचं. मध्ये बेदाण्याचा ढीग. काड्या मोडायच्या, चाळायचं, पाखडायचं, काळा दाणा वेगळा, फुटका वेगळा, लांब वेगळा, गोल वेगळा. शेवटी 15 किलोची पेटी भरायची. सकाळी आठला बसलं की दुपारच्या भाकरीपर्यंत उठायचं नाही. बोटं चिकट होतात, माश्या घोंगावतात, मांडी घालून बसून कंबर धरते. शेजारच्या शेडात धुरी चालू असली की डोळ्यांतनं पाणी येतं आणि घसा खवखवतो. पाचला सुट्टी झाली की उठताना ओटी झाडून दाखवायची, कुणी बेदाणा बांधून नेत नाही ना हे बघायला. चार बेदाण्यांसाठी आईच्या वयाच्या बाईला पदर झाडायला लावायचं, याचा राग मला तेव्हाही यायचा आणि आजही येतो. त्याबद्दल कुणी मला व्यवहार शिकवू नये.

पण त्या ताडपत्रीवर मजाही होती. गाणी व्हायची, उखाणे व्हायचे, कुणाची सून कशी आहे याचा पूर्ण निकाल लागायचा. मी आठव्या-नववीच्या पुस्तकातल्या कविता म्हणून दाखवायचे. आमची मुकादमीण म्हणजे आमच्या भावकीतलीच एक आत्ती. साठीच्या घरातली, नाकात नथीचं नुसतं भोक, हातात मालकानं दिलेली हजेरीची वही. तिला वाचता येत नव्हतं. नावापुढं रोज एक उभी रेघ मारायची, आणि जी आली नाही तिच्या रकान्यात गोल शून्य. कुणाचं नाव कितव्या ओळीत आहे हे तिला पाठ होतं. मी आल्यावर तिनं वही माझ्याकडं दिली. “तू शिकल्यालीस, तूच लिव्ह,” म्हणाली. म्हणून त्या उन्हाळ्याचा सगळा हिशेब माझ्या हातचा आहे आणि माझ्या डोक्यात आहे.

वही हातात आली तेव्हा मला त्या गोल शून्यांचा अर्थ कळायला लागला. आमच्याकडं त्याला खाडा म्हणतात. लेकराला ताप आला, खाडा. सासऱ्याला मिरजेला दवाखान्यात न्यायचं, खाडा. रेशन आलं म्हणून रांगेत उभं राहायचं, खाडा. पाळीच्या दिवसांत एखादीला बसवत नसेल तर ती दोन घास कमी खाऊन तशीच बसून राहायची, पण उठायची नाही. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मालक वही बघायचे आणि पैसे मोजायचे, आणि मला दिसायचं की कमी पैसे मिळाले ते नेमके त्या बायकांना, ज्यांच्या घरात त्या आठवड्यात पैशाची गरज जास्त होती. सहा रेघावालीच्या घरी सगळे धडधाकट होते. तीन रेघावालीच्या घरी आजारी माणूस होतं.

त्या वर्षी पाडवा एप्रिलात आला. मालकांनी शेडवरच गुढी उभारली. आम्हा सगळ्यांना सकाळी बोलावलं, कडुनिंब-गूळ दिला, मालकीणबाईंनी स्वतः शिरा वाढला, मायेनं वाढला. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. नऊच्या सुमाराला ते म्हणाले, “आज सणाचं काम नको. घरी जावा, पोळ्या करा.” बायका खूश होऊन निघाल्या. मी वही उघडून विचारलं, आजची रेघ मारू का? मालक म्हणाले, “काम कुठं झालंय? शून्य मार.”

आत्ती चपला घालत होती, ती थांबली. “मालक, सण तुम्ही दिला म्हंताय, मग खाडा आमच्या नावावर कसा?” एवढंच बोलली. मालकांना उत्तर सुचलं नाही, किंवा त्यांना तो प्रश्नच वाटला नाही. त्यांच्या वडिलांच्या काळापासून असंच चालत आलं होतं. मी सगळ्यांच्या नावापुढं शून्यं काढली, माझ्याही. त्या आठवड्याला माझा पहिला पगार झाला: 75 रुपये. पन्नासची एक नोट, दहाच्या दोन, पाचची एक. आईनं पन्नास घरात घेतले आणि बाकीचे माझ्या हातात ठेवले. मी त्यातनं तासगावात एक शाईचं पेन घेतलं आणि एक उसाचा रस प्यायले. आवडला. पण घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात 75 नव्हते, राहून गेलेले 15 होते.

मग वळीव आला. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडं दुपारनंतर आभाळ भरून यायला लागतं आणि बागवाल्यांच्या पोटात गोळा येतो. जाळीवर अर्धा वाळलेला माल असताना पाऊस आत शिरला की बेदाणा काळा पडतो, त्याला बुरशी येते आणि दर निम्म्यानं उतरतो. वर्षभराची बाग, कर्ज, औषधं, सगळं त्या जाळीवर असतं. त्या रात्री अकराच्या सुमाराला वाऱ्यानं शेडच्या एका बाजूचं कापड फाटलं. मालकांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन गल्लीत आला आणि हाका मारायला लागला. आत्तीनं दारोदार जाऊन बायका उठवल्या. आई उठली, मी उठले. ट्रॉलीत बसून माळावर गेलो.

ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही प्लॅस्टिक ओढून धरलं, गड्यांनी दोऱ्या आवळल्या. कापड वाऱ्यानं भरून असं ओढ घ्यायचं की दोघीतिघींना त्याच्यावर अक्षरशः बसावं लागे. खालच्या कप्प्यातला माल पाट्यांत भरून आम्ही आतल्या पत्र्याच्या खोलीत नेला. वीज कडाडली की कुणीतरी “विठ्ठला” म्हणून ओरडायचं. पहाटे तीनला पाऊस थांबला. एका बाजूचा थोडा माल गेला, बाकी सगळा वाचला. मालकीणबाईंनी गुळाचा चहा केला. सगळ्या चिंब, कुडकुडत होत्या. मालक चहाचा पेला हातात घेऊन नुसते उभे होते. त्यांचे हात थरथरत होते, मी बघितलं.

तेव्हा आत्ती म्हणाली, “मालक, ह्या पोरी आता घरला जात्यात. उद्या दुपारच्या भाकरीनंतर येतील. पर वहीत उद्याची रेघ आख्खी पायजे.” मालक लगेच म्हणाले, “मार गं पोरी, आख्खी मार. रात्रीचाबी एक रोज मांड.”

त्या सकाळी मी दहापर्यंत झोपले. आईही झोपली. आईला मी सकाळी उजेड पडल्यावर झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, अगदी तापातही नाही. जाग आली तेव्हा ऊन चुलीपर्यंत आलं होतं. वहीत माझ्या नावापुढं त्या सकाळची रेघ माझ्याच हातानं मारलेली होती. मी झोपले होते आणि माझा रोज चालू होता. रात्री राबलो होतो म्हणून तो मिळाला, फुकट कुणी दिला नाही, हे खरंच. पण थकलेल्या माणसाला झोपायचे पैसे मागता येतात, आणि मागितले तर समोरचा हो म्हणू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले. शाळेत नाही शिकले.

उन्हाळा संपला, दहावी पास झाले. पुढचं भराभर सांगते. बारावी झाली, मग एएनएमचं, म्हणजे आरोग्य सेविकेचं, दीड वर्षाचं प्रशिक्षण. मग मिरजेत एका खाजगी दवाखान्यात नोकरी, महिना 900 रुपये, पाकिटात. आठवड्याला एक ऑफ कागदावर होता. दुसरी सिस्टर आली नाही की तो जायचा आणि रात्रपाळीला दिवसपाळी जोडली जायची. मिरजेच्या दवाखान्यांचा लौकिक मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेसांच्या काळापासून मोठा आहे, कर्नाटकातनं माणसं येतात, पण त्या लौकिकाच्या खाली पांढऱ्या कपड्यातल्या किती मुली झोपेविना उभ्या असतात, हे रुग्णाला दिसत नाही. तिथं मी कामात तयार झाले, हे मात्र खरं. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या टोचणीत सलाईन लावायला मी तिथंच शिकले.

नंतर जिल्हा परिषदेत लागले. उपकेंद्राच्या गावात पहिल्यांदा रजेचा अर्ज लिहिला तेव्हा कारणाच्या जागी ‘घरगुती काम’ लिहिलं आणि पगारपत्रकात काही कापलं गेलं नाही. आईला दाखवलं तर तिनं आकडा माझ्याकडनं परत परत वाचून घेतला. मग माझं पहिलं बाळंतपण झालं. भरपगारी रजा मिळाली. मुलीला मांडीवर घेऊन बसले असताना महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार जमा होत होता. बेदाण्याचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. माझ्याबरोबर ताडपत्रीवर बसलेली, माझ्याच वयाची एक मैत्रीण तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि अजून त्याच ताडपत्रीवर होती.

तिथनं पुढं मी हे विसरू शकले नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची डॉक्टरांकडनं तपासणी असते, 2016 पासून देशभर असते. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन, सगळं मोफत. मी आदल्या दिवशी घरोघर सांगत फिरते. आणि हंगामात मला काय ऐकायला मिळतं? “ताई, 9 ला खाडा पडतोय.” तपासणी फुकट असली तरी तिला ती एका रोजाला पडते. आज आमच्याकडं बायकांचा रोज साडेतीनशेच्या आसपास आहे. हिमोग्लोबिन आठवर आलेली बाई साडेतीनशे रुपये सोडून माझ्याकडं येणार कशी? तिला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडते. ती हिशेबाला पक्की आहे म्हणूनच येत नाही. म्हणून मीच दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत शेडवर जाते. बीपीचं मशीन, लोहाच्या गोळ्या पिशवीत. ताडपत्रीच्या कडेला बसून तपासते.

मातृवंदना योजना 2017 पासून आहे. पहिल्या बाळंतपणाला 5000 रुपये. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणून ते पैसे असतात, योजनेतच तसं लिहिलेलं आहे. त्याच वर्षी कायदा बदलून नोकरदार बाईची बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. 5000 ला साडेतीनशेनं भागून बघा. पंधरवड्याचाच रोज होतो. एकीला 26 आठवडे आणि एकीला दोन. दोघींची बाळं सारख्याच वजनाची जन्मावीत अशी अपेक्षा मात्र आम्ही तक्त्यात लिहितो. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः तिचे फॉर्म भरते आणि एकही सुटू देत नाही. पण ते पुरेसं नाही, हे फॉर्म भरणाऱ्या बाईनं सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

याच तालुक्यात सगळा बाजार सुट्टी घेऊ शकतो, हेही मी बघत आलेय. दिवाळीच्या सुमाराला तासगाव-सांगलीचे बेदाणा सौदे, म्हणजे लिलाव, काही आठवडे बंद ठेवतात, का तर सगळ्यांची जुनी देणी-घेणी मिटावीत, कुणाचं कुणाकडं काही राहू नये. चांगली रीत आहे. शेतकऱ्याचे अडकलेले पैसे त्यामुळं हातात येतात. पण माझा मामा तिथं हमाल होता. त्याची हमाली पेटीवर. सौदा नाही तर पेटी नाही, पेटी नाही तर पैसा नाही, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर. सगळ्यांचे हिशेब मिटवायला बाजार थांबतो, त्या थांबण्याची मजुरी मात्र कुणाच्याच हिशेबात धरलेली नसते.

माझ्या चुलतभावाचं आता स्वतःचं शेड आहे. यंदा हंगामाच्या सुरुवातीला मी त्याच्याकडं जाऊन बसले आणि दोन गोष्टी मागितल्या: पाडव्याची हजेरी भरायची, आणि गरोदर बाईला 9 तारखेची हजेरी भरायची. तो म्हणाला, “ताई, दर पडलाय, औषधांचं बिल बघ.” त्यानं बिलं दाखवली, खोटं काही नव्हतं. मग मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं. त्याच्याकडं निवडायला बारा बायका. पाडव्याचे साडेतीनशेप्रमाणं 4200 रुपये. वर एखाददुसरी गरोदर, तिचे हंगामातले दोन-तीन रोज. सगळं मिळून 15 किलोच्या फार तर तीन पेट्यांचा बेदाणा. त्यानं वहिनीकडं बघितलं. वहिनी म्हणाली, “पाडवा देऊया. 9 तारीखबी देऊया. पर सकाळी तपासून दुपारी आलं पाहिजे.” मी म्हटलं, चालेल, मी स्वतः तिला पहिल्या नंबरला घेईन. पाडवा दिला त्यानं. शेजारच्या शेडवाल्यानं त्याला फोन करून, “तू बायकांना लाडावून ठेवतोस,” म्हणून सुनावलं. त्या शेजाऱ्याकडंही मी जाणार आहे, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत.

हे वाचणाऱ्यांत कुणी बागवाले, शेडवाले असतील तर त्यांनी हा हिशेब आपल्या वहीवर करून बघावा. आणि कुणाच्या शेडवर पहिलटकरीण कामाला असेल तर तिला जवळच्या उपकेंद्रात पाठवा. आधार कार्ड, आधार जोडलेलं बँक खातं आणि माता-बाल संरक्षण कार्ड लागतं. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड असेल तर तेही आणायला सांगा. पैसे दोन हप्त्यांत येतात, आधी 3000, मग 2000. नोंदणी लवकर केलेली बरी. तिला यायला जमत नसेल तर दुपारच्या सुट्टीची वेळ सेविकेला कळवा, आमच्यापैकी कुणीतरी येईल.